वाटेवरचे तास

मनमाड स्थानकातून पहाटे सहाच्या सुमारास पंचवटी एक्स्प्रेस मुंबईकडे निघते. त्याच घटकेला पेठ तालुक्यातील एखाद्या पाड्यावर मजूर स्त्रिया भाकरीचे गाठोडे जवळ घेऊन, द्राक्षबागेकडे नेणाऱ्या गाडीची वाट पाहत डांबरी रस्त्याच्या कडेला बसलेल्या असतात. सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतील सकाळची पाळी गाठण्यासाठी आसपासच्या खेड्यांतील तरुण मोटारसायकली बाहेर काढत असतात. निफाड, दिंडोरी, त्र्यंबक या बाजूंनी नाशिककडे येणाऱ्या पहिल्या एस.टी. गाड्या भरू लागलेल्या असतात. नाशिकच्या मेनरोडवरील, रविवार कारंजावरील किंवा सराफ बाजारातील दुकाने उघडायला अजून तीन-चार तास अवकाश असतो. परंतु त्या दुकानांत काम करणाऱ्यांपैकी कित्येकांचा दिवस तेव्हाच सुरू झालेला असतो.

पंधरा तालुक्यांच्या या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार ६१ लाखांहून अधिक होती आणि तिच्यातील निम्म्याहून अधिक माणसे खेड्यांत राहणारी होती. राहण्याचे गाव एक आणि पोटाचे गाव दुसरे, ही स्थिती आता अपवादाची राहिलेली नाही. नाशिक-मनमाडच्या बोलीत तिला ‘अपडाऊन’ असा सुटसुटीत शब्द आहे. एखाद्या मुलाचे स्थळ सांगताना ‘नोकरी नाशिकला, अपडाऊन करतो’ असे सहज सांगितले जाते. या शब्दात मावलेल्या तासांची बेरीज मात्र सहसा कोणी करीत नाही.

ती बेरीज करून पाहण्यासारखी आहे. एका कामगाराला कामावर पोहोचायला दीड तास आणि परतायला दीड तास लागतो असे धरले, तर दिवसाचे तीन तास झाले. वर्षाचे कामाचे दिवस ३०० धरल्यास हे ९०० तास होतात. आठ तासांचा एक कामाचा दिवस, या मापाने त्यांचे ११२ दिवस भरतात. म्हणजे वर्षाकाठी जवळजवळ पावणेचार महिन्यांचे श्रम केवळ वाटेवर खर्च होतात. मालकाच्या रोजकीर्दीत त्यांची नोंद नाही, कारण त्यांचे पैसे द्यावे लागत नाहीत. कामगाराच्या घरीही त्यांची नोंद नाही, कारण तिकिटाचे पैसे दिसतात, तास दिसत नाहीत. जी रक्कम दोन्ही बाजूंच्या खतावणीत नाही ती अस्तित्वातच नाही असे हिशोबनीस मानीत नाही. तो म्हणतो, नोंद राहून गेली. व्यापारी घरात हिशोबाचे वळण लहानपणापासून लागते. म्हणूनच ही राहून गेलेली नोंद शोधण्याचे काम व्यापारी समाजाइतके दुसऱ्या कोणाला साधणारे नाही.

या प्रवाशांत सर्वांत परिचित असलेला वर्ग पंचवटी एक्स्प्रेसच्या पासधारकांचा. ही गाडी १ नोव्हेंबर १९७५ रोजी सुरू झाली. नाशिकरोड ते मुंबई हे रेल्वेचे अंतर सुमारे १९० किलोमीटर. वाटेत इगतपुरी ते कसारा हा थळ घाटाचा अवघड उतार. येताना तोच चढ असल्याने गाडीला मागून जादा इंजिने लावावी लागतात. एका बाजूचा प्रवास पावणेचार तासांच्या आसपास धरला तरी जाऊन-येऊन साडेसात तास होतात, म्हणजे कचेरीतील कामाच्या वेळेइतकाच वेळ गाडीत जातो. तरीही एका पिढीहून अधिक काळ बँका, मंत्रालय, न्यायालये आणि खासगी कचेऱ्यांतील माणसे हा क्रम पाळत आली. मुंबईत घर परवडत नाही आणि नाशिकमध्ये मुंबईचा पगार मिळत नाही, हे त्यामागचे साधे अर्थशास्त्र.

या पासधारकांनी त्या तासांना आपल्या परीने आकार दिला. डब्याडब्यांत मंडळे जमली. भजने झाली, वाढदिवस साजरे झाले, मुलांची लग्नेही जुळली. शांतता आणि स्वच्छतेचे नियम पाळणारा एक ‘आदर्श डबा’ प्रवाशांनी स्वतःच चालवून दाखवला आणि त्याचे कौतुक झाले. गाडीला उशीर झाला, डबे कमी झाले, वेळ बदलली, की त्यांच्या संघटना निवेदने देतात आणि वर्तमानपत्रे ती छापतात. शिकलेल्या आणि संघटित माणसाची वाट निदान इतरांच्या लक्षात तरी येते. त्याचा त्रास खरा आहे. पण त्या त्रासाला शब्द आहेत, अर्ज आहे आणि अर्ज देण्याची जागा आहे.

ज्यांना यांपैकी काहीच नाही, त्यांची वाट पाहायची असेल तर जिल्ह्याच्या पश्चिमेला वळावे लागते. पेठ नाशिकपासून सुमारे ५५ किलोमीटर, सुरगाणा सुमारे ९० किलोमीटर. पाऊस भरपूर, जमीन डोंगरउताराची. भात, नागली, वरई ही पावसाळी पिके निघाली की पुढे शेतात काम उरत नाही. याउलट दिंडोरी आणि निफाड तालुक्यांच्या द्राक्षपट्ट्यात खरी लगबग तेव्हाच सुरू होते. ऑक्टोबरच्या आसपासची गोडी छाटणी, मग डिपिंग, घडांची विरळणी, आणि जानेवारीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालणारी काढणी. ही सारी कामे हातांची, आणि त्यांतली बरीच स्त्रियांच्या हातांची.

चातुर्मास संपून कार्तिकी पौर्णिमेनंतर साधू-साध्वींचा विहार पुन्हा सुरू होतो, साधारण त्याच सुमारास या मजुरांच्या टोळ्या डोंगर उतरून पूर्वेकडे येऊ लागतात. चार महिने स्थिर आणि आठ महिने फिरते, असा दोघांचाही क्रम. साधूंचा तो स्वेच्छेने घेतलेला संयम आहे. मजुरांची ती गरज आहे. विहारात असलेल्या साध्वीजी पहाटे रस्त्याने निघाल्या की गावोगावचे श्रावक काळजीने सोबतीला चालतात आणि मागून येणाऱ्या वाहनांना हात दाखवतात. त्याच रस्त्याने मजुरांनी खच्चून भरलेली पिकअप जेव्हा पुढे निघून जाते, तेव्हा तिच्यातील माणसांची काळजी करण्याचे काम कोणाकडेच सोपवलेले नसते.

यांतील काही टोळ्या हंगामभर बागेजवळच्या शेडमध्ये राहतात. ज्यांचे पाडे तुलनेने जवळ आहेत ते रोज ये-जा करतात. द्राक्षे उन्हाच्या आधी, सकाळच्या गारव्यात तोडावी लागतात, नाहीतर माल टिकत नाही. म्हणून बागेत लवकर पोहोचणे भाग. लवकर पोहोचायचे तर घरातून त्याहून लवकर निघणे भाग. त्यासाठी स्त्रियांना रात्रीच्या शेवटच्या प्रहरी उठून स्वयंपाक, पाणी आणि लहान मुलांची व्यवस्था लावावी लागते. वाहन ठरवण्याचे काम मुकादमाकडे. जितकी माणसे अधिक, तितके माणशी भाडे कमी. त्यामुळे माल वाहण्यासाठी बनवलेल्या गाडीत माणसे उभी, दाटीवाटीने आणि कशीबशी भरली जातात. मालाच्या गाडीत माणसे अशी भरून नेणे कायद्याला मान्य नाही, हे सर्वांना ठाऊक असते. पण दुसरे साधन त्या वेळेला, त्या वाटेवर नसते. निर्यातीच्या द्राक्षाची पेटी शीतगृहापर्यंत जाताना तिला धक्का बसू नये याची जेवढी काळजी घेतली जाते, तेवढी ती पेटी भरणाऱ्या हातांची घेतली जात नाही, असे म्हणणे कठोर वाटेल. पण ते खोटे ठरणार नाही.

सरकारी मोजणीतही ही वाट सुटली आहे. २०११ च्या जनगणनेत कामाच्या ठिकाणाचे अंतर आणि तेथे जाण्याचे साधन यांची विचारणा झाली आणि देशातील सुमारे २० कोटी लोकांची माहिती प्रसिद्ध झाली. त्यांपैकी सुमारे सहा कोटींना कामासाठी प्रवास करावाच लागत नव्हता. साडेचार कोटींच्या आसपास लोक पायी जात होते. सायकलने जाणारे आणि दुचाकीने जाणारे प्रत्येकी अडीच कोटींच्या घरात होते आणि बसने जाणारे त्यांहून थोडे कमी. ही माहिती मोलाची आहे. परंतु ती शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगांतील माणसे वगळून उरलेल्या कामकऱ्यांची आहे. शेतमजूर शेताजवळच राहतो, असे त्यामागे गृहीत असावे. द्राक्षपट्ट्यात पहाटे उभे राहिलेल्या कोणालाही हे गृहीत मान्य होणार नाही.

या दोन टोकांच्या मध्ये आहे एस.टी. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर या मार्गावर तिची पहिली गाडी धावली. त्यानंतरच्या काळात खेड्यातील माणसाच्या दिवसाचे वेळापत्रक एस.टी.नेच आखले. शाळा, दवाखाना, तहसील, बाजार आणि नोकरी या सर्वांची वेळ ‘गाडीच्या वेळेवर’ ठरत गेली. तिचे मोल कळले ते ती थांबली तेव्हा. २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास सुरू झालेला कर्मचाऱ्यांचा संप पूर्णपणे मिटायला २०२२ चा एप्रिल उजाडला. त्या महिन्यांत खेड्यातून शहरात कामाला येणाऱ्याने काय केले? कोणी काळी-पिवळी जीपच्या मागच्या फळीवर लोंबकळत आले, कोणी शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर पेट्रोलचे पैसे वाटून घेत आले, कोणी शहरातील नातेवाइकाच्या ओसरीवर पथारी टाकली, आणि कोणाचे काम गेले. पुढे १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना एस.टी.च्या भाड्यात निम्मी सवलत मिळाली. भाड्यापायी जिच्या मजुरीचा मोठा वाटा जात होता, त्या बाईला या निर्णयाने खरा दिलासा दिला. नाशिक महापालिकेने जुलै २०२१ मध्ये सुरू केलेली सिटीलिंक बससेवाही शहराच्या हद्दीबाहेरच्या काही गावांपर्यंत पोहोचली. तरी मुख्य अडचण राहिलीच. गाडीचे भाडे कमी झाले, पण शेवटच्या गाडीची वेळ आणि दुकान बंद होण्याची वेळ यांचा मेळ बसला नाही.

हा मेळ बसत नाही म्हणून माणूस मोटारसायकलीकडे वळतो. पंधरा-वीस हजार मिळवणारा तरुण दरमहा हप्ता फेडतो, पेट्रोल भरतो आणि त्या बदल्यात वाट पाहण्याच्या जाचातून सुटतो. हे वाहन त्याला मोकळीक देते यात शंका नाही. परंतु ज्या घरात कर्जाचे दुसरे कारण नव्हते, त्या घरात कामावर जाता यावे म्हणून कर्ज आले. शिवाय रात्री नऊनंतर, दिवसभर उभे राहून थकलेल्या माणसाने ट्रक-ट्रॅक्टरच्या रहदारीतून तीस-चाळीस किलोमीटर दुचाकी चालवायची, हा धोका त्या हप्त्यात मोजलेला नसतो.

व्यापारी कुटुंबांच्या घराण्यांत मात्र ही वाट फारशी आठवणीत नाही. याचे कारण जुन्या बाजारपेठेच्या रचनेत आहे. खाली दुकान आणि वर घर, हीच पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. नाशिक, येवला, मनमाड, लासलगाव, चांदवड, कुठेही पाहावे; ओट्यावर पेढी, माजघरात धान्याची पोती, माडीवर कुटुंब. राजस्थान-गुजरातकडून शेकडो मैलांची वाट तुडवून आलेल्या पूर्वजांनी एकदा पेढी मांडली, की रोजची वाट जिन्याच्या बारा-पंधरा पायऱ्यांची उरली. दिवाणजी शेजारच्या गल्लीत राहत आणि हमालांची वस्ती पेठेच्या पाठीमागे असे. दुकान रात्री उशिरापर्यंत चालले तरी घरी पोहोचायला कोणालाच वेळ लागत नसे. उशिरापर्यंत दुकान उघडे ठेवण्याची रीत त्या काळातली आहे आणि त्या काळात ती कोणावर भार नव्हती.

पुढे शहर वाढले. वाड्यांच्या जागी संकुले उभी राहिली आणि व्यापारी कुटुंबे कॉलेज रोड, गंगापूर रोड या बाजूला राहायला गेली. मोटारीने पंधरा-वीस मिनिटांत ती घरी पोहोचतात. त्याच काळात जुन्या गावठाणातील भाडी नोकरांना परवडेनाशी झाली. एक आडगावला गेला, एक ओझरला, एक सिन्नरच्या वाटेवर, एक निफाडकडे मूळ गावी परतला. मालक आणि नोकर दोघेही दुकानापासून दूर गेले. पण दोघांची वाट सारखी राहिली नाही. दुकानाची वेळ मात्र जुनीच राहिली. मोठ्या कारखान्यांनी हा प्रश्न पूर्वीच ओळखला होता. नाशिकरोडच्या सरकारी मुद्रणालयांभोवती आणि ओझरच्या विमान कारखान्याजवळ कामगारांच्या वसाहती वसवल्या गेल्या, त्या वाटेचा हा खर्च जाणूनच. दहा माणसांच्या दुकानाला वसाहत बांधता येणार नाही हे खरे. पण वेळ बदलण्यासाठी वसाहत लागत नाही.

इथे प्रश्न सोयीचा न राहता धर्माचा होतो. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: बंध, वध, छविच्छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. पहिले तीन ऐकताच श्रावक आपण त्यांपासून दूर आहोत असे समाधान मानतो. कोणाला बांधणे, मारणे, अवयव छेदणे हे त्याच्या हातून घडत नाही. खरी परीक्षा शेवटच्या दोहोंत आहे. अतिभारारोपण म्हणजे सोसवेल त्याहून अधिक ओझे लादणे. ते बैलावर असो की माणसावर. अन्नपाननिरोध म्हणजे आपल्या आधाराने राहणाऱ्याच्या खाण्यापिण्यात अडथळा आणणे. बैलगाडीत पोती जास्त भरलेली दिसली तर गाडीवानाला हटकणारे श्रावक या समाजात होऊन गेले. म्हाताऱ्या जनावराला पांजरापोळीत नेऊन सोडणारे आजही आहेत. ओझे म्हणजे पाठीवरचे पोते, एवढाच अर्थ घेतला तर दुकानातील नोकराच्या पाठीवर काहीच दिसत नाही. ओझे तासांचेही असते, हे लक्षात घेतले की दिसू लागते.

आणि अन्नपाननिरोध? जैन घरांत सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपण्याची रीत आहे. पौषात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. म्हणून अनेक दुकानांत साडेपाचला मालकाचा डबा येतो किंवा मालक घरी जाऊन जेवून येतो. त्याच दुकानातील दूरगावचा नोकर सकाळी नऊला घरून निघताना खाल्लेले आणि दुपारी उघडलेल्या डब्यातले, एवढ्यावर रात्री दहापर्यंत काढतो. कोणी त्याचे अन्न अडवलेले नसते. वेळेने अडवलेले असते, आणि ती वेळ दुकानाने ठरवलेली असते.

मेनरोडवरील एका कापडाच्या पेढीत ही गोष्ट एका साध्या प्रश्नाने पुढे आली. पेढीचे वयोवृद्ध मालक नित्यनेमाने चौविहार करणारे. थंडीच्या दिवसांत एका संध्याकाळी डबा उघडताना त्यांनी वीस वर्षे काउंटरवर उभ्या असलेल्या सेवकाला सहज विचारले, “भाऊ, तुम्ही रात्री जेवता केव्हा?”

“घरी गेल्यावर, शेठजी. दहा-सव्वादहा होतात. साडेआठची गाडी चुकली तर अकरा.”

“आणि साडेआठची मिळते कधी?”

“दुकान वेळेवर आवरलं तर मिळते.”

दुकान वेळेवर किती वेळा आवरते, हे मालकांना वेगळे विचारावे लागले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक कागद घेऊन दुकानातील नऊही माणसांची गावे, घरून निघण्याची वेळ, घरी पोहोचण्याची वेळ आणि शेवटच्या गाडीची वेळ लिहून काढली. वीस वर्षांत पगार, उचल, रजा, बोनस या सर्वांची नोंद वहीत होती. ही चार रकाने पहिल्यांदाच आखली गेली. नऊपैकी चौघे पंचवीस किलोमीटरहून दूर राहणारे निघाले.

त्यांच्या मुलाने हरकत घेतली, आणि ती चुकीची नव्हती. संध्याकाळी सात ते नऊ हीच खरी विक्रीची वेळ. नोकरदार गिऱ्हाईक त्याच वेळी येते. लग्नसराईत चार माणसे लवकर सोडली तर साड्या उलगडून दाखवणार कोण? घरबसल्या मोबाइलवर कपडे मागवणारे गिऱ्हाईक आधीच हातचे जात असताना उरलेल्याला दारातून परत पाठवणे कसे परवडेल? मालकांनी मुलाचे म्हणणे मान्य केले, पण त्यातून निष्कर्ष वेगळा काढला. दूरच्या चौघांनी सकाळी लवकर येऊन दुकान उघडायचे, माल लावायचा आणि साडेसातला निघायचे. जवळच्यांनी उशिरा यायचे आणि शेवटपर्यंत थांबायचे. दिवाळीचे आठ-दहा दिवस आणि लग्नाच्या दाट तिथी यांत सर्वांनीच थांबायचे. मात्र त्या दिवशी जेवण दुकानाचे आणि घरी पोहोचवणारी गाडीही दुकानाची. त्या गाडीचा खर्च ‘दुकान खर्च’ या खाती पडू लागला.

या बदलाने चमत्कार घडला नाही. एखाद्या संध्याकाळी गर्दी होते, दोन गिऱ्हाइके ताटकळून निघून जातात आणि मुलगा बापाकडे पाहतो. जवळ राहणाऱ्यांपैकी एकाला सकाळीच काम आटोपून मोकळे व्हायला आवडले असते. त्याची कुरकुर अजून आहे. काउंटरवरचा तो जुना सेवक मात्र आता नऊच्या आत घरी पोहोचतो. त्याची धाकटी मुलगी तेव्हा जागी असते. एवढाच फरक. पण वीस वर्षांच्या नोकरीत त्याने पगारवाढ अनेकदा मागितली होती, आणि ही गोष्ट एकदाही मागितली नव्हती. कारण ती मागण्यासारखी गोष्ट आहे, असे त्याला कधी वाटलेच नव्हते.

कायदाही हळूहळू या दिशेने सरकत आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दिवसाचे नऊ आणि आठवड्याचे ४८ तास अशी कामाची मर्यादा घातली. पण ते तास दुकानाच्या उंबरठ्याच्या आतले. उंबरठ्याबाहेरच्या वाटेचा विचार विम्याच्या कायद्यांनी आधी केला. कर्मचारी राज्य विमा कायद्यात २०१० च्या दुरुस्तीने घर ते कामाची जागा या वाटेवरील अपघाताचा, त्याचा कामाशी संबंध दिसत असेल तर, समावेश झाला. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नुकसानभरपाईच्या कायद्यालाही हाच अर्थ लागू केला. तो खटला महाराष्ट्रातलाच. साखर कारखान्यातील एक रखवालदार २००३ साली पहाटेच्या पाळीसाठी मोटारसायकलने निघाला आणि कारखाना सुमारे पाच किलोमीटर राहिला असताना अपघातात गेला. आयुक्तांनी कुटुंबाला भरपाई दिली, उच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि बावीस वर्षांनंतर सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा मान्य केली. ती वाट त्याच्या कामाचाच भाग होती, हे ठरायला त्याच्या घरच्यांना दोन तपांच्या जवळपास थांबावे लागले.

न्यायालयाला जे इतक्या वर्षांनी दिसले, ते दुकानदाराला आजच दिसू शकते; कारण माणूस रोज त्याच्यासमोर उभा असतो. जिल्ह्यातील रस्ते रुंद करणे, शेवटची गाडी वाढवणे, मजुरांसाठी सुरक्षित वाहन देणे ही कामे शासनाची आणि महामंडळाची आहेत. त्यांसाठी व्यापारी संघटनांनी आणि बाजार समित्यांतील व्यापाऱ्यांनी आवाज उठवला तर तो मजुरांच्या आवाजापेक्षा लवकर ऐकला जाईल. बागेतून माल विकत घेणाऱ्या व्यापाऱ्याने बागायतदाराला ‘मजूर कशातून येतात?’ एवढे जरी विचारले, तरी पुढच्या हंगामात त्या गाडीतील दोन माणसे कमी होऊ शकतात. पण स्वतःच्या दुकानाची वेळ ठरवणे हे कोणा सरकारच्या हातात नाही.

संवत्सरीच्या दिवशी श्रावक चौऱ्याऐंशी लक्ष जीवयोनींची क्षमा मागतो. कित्येक पेढ्यांवर त्या दिवशी मालक नोकरांसमोरही हात जोडतो. ही चांगली प्रथा आहे. तिच्या आधी एक छोटे काम करून ठेवता येण्यासारखे आहे. लाभपंचमीला नवी वही उघडताना पगाराच्या पानावर प्रत्येकाच्या नावापुढे चार रकाने वाढवावेत: गाव कोणते, घरून निघतो केव्हा, घरी पोहोचतो केव्हा, शेवटची गाडी कितीची. रकाने भरायला पंधरा मिनिटे लागतात. भरून झाल्यावर दुकान बंद करण्याची वेळ ठरवणे मालकाला पूर्वीइतके सोपे वाटणार नाही.